दुरून डोंगर आणि जुनी काच

‘दुरून डोंगर साजरे’ ही म्हण ज्याने केली त्याच्यापाशी टेलिफोटो लेन्स नसावी. असती तर डोंगरावरचे खडक, खुरटी झुडुपे आणि वणव्याने काळे पडलेले पट्टे त्याला घरबसल्या दिसले असते आणि म्हणीतला साजरेपणा तिथेच संपला असता. मित्रहो, प्रस्तुत लेख या टेलिफोटो लेन्सविषयी आहे. पण नव्या, कोऱ्या, लाखांच्या घरातल्या लेन्सविषयी नव्हे. आपले आईवडील शाळेत जात होते किंवा नुकते जन्मले होते त्या काळात तयार झालेल्या, आज कुणाच्या तरी कपाटात किंवा जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानात धूळ खात पडलेल्या लेन्सविषयी हा लेख आहे. अशी लेन्स आजच्या डिजिटल कॅमेऱ्याला लावता येते आणि तिच्याकडून चांगले काम करून घेता येते. मी मराठी विषय घेऊन बी. ए. करणारी मुलगी, दहावीनंतर विज्ञानाची आणि माझी गाठ पडलेली नाही. तेव्हा माझे विज्ञान दहावीच्या पुस्तकापुरतेच आहे हे गुरुजनांनी ध्यानात घ्यावे. सुदैवाने या विषयाला तेवढे पुरते.

आमचे घर भिगवणजवळ, उजनी धरणाच्या फुगवट्याच्या काठावर आहे. वडील मासेमारी करतात, आणि हिवाळ्यात रोहित पक्षी उतरले की पुण्यामुंबईच्या पाहुण्यांना होडीतून पक्षी दाखवायला नेतात. त्या पाहुण्यांच्या मांडीवर तोफेच्या नळीसारख्या पांढऱ्या लेन्स असतात. लहानपणापासून मी त्या काठावरून पाहत आले. एकदा वडिलांनी एका पाहुण्यांना सहज किंमत विचारली. ती ऐकल्यावर परत येईपर्यंत ते काही बोलले नाहीत. घरी आल्यावर आईला एवढेच म्हणाले, “आज आपल्या होडीत आपल्या घराएवढी किंमत बसली होती.”

माझा मामेभाऊ लग्नाचे फोटो काढतो. त्याने नवा कॅमेरा घेतला तेव्हा जुना सोनी ए-६००० मला दिला. सोबत जी छोटी लेन्स होती ती लग्नातल्या घोळक्यासाठी ठीक, पण पाण्यापलीकडचा पक्षी तिच्यात मुंगीएवढा दिसे. तेव्हापासून माझा शोध सुरू झाला.

टेलिफोटो लेन्स ‘जवळ आणते’ असे आपण म्हणतो. वस्तुतः ती जवळ काही आणत नाही, मोठे करून दाखवते. आणि किती मोठे, ते शाळेतल्या समरूप त्रिकोणांनी काढता येते. वस्तूची उंची भागिले तिचे अंतर, आणि प्रतिमेची उंची भागिले लेन्सचे नाभीय अंतर, ही दोन गुणोत्तरे जवळजवळ सारखी असतात. रोहित साधारण १.३ मीटर उंच उभा राहतो असे धरू. तो ६० मीटरवर असेल तर ५० मि.मी.च्या लेन्सने कॅमेऱ्यातील सेन्सरवर त्याची प्रतिमा सुमारे १.१ मि.मी. उंच पडते. १३५ मि.मी.च्या लेन्सने ती २.९ मि.मी. होते आणि पाहुण्यांच्या ६०० मि.मी.च्या लेन्सने १३ मि.मी. माझ्या कॅमेऱ्याच्या सेन्सरची उंची १५.६ मि.मी. आहे. म्हणजे ६००च्या लेन्समध्ये पक्षी चौकट भरून टाकतो, तर १३५च्या लेन्समध्ये चौकटीच्या पाचव्या हिश्श्याएवढा दिसतो.

पाचवा हिस्सा ऐकून निराश होण्याचे कारण नाही. हा सेन्सर उभ्या बाजूने ४,००० बिंदूंचा आहे. त्याचा पाचवा हिस्सा, थोडे कमी धरून, ७५० बिंदू. छापताना इंचाला ३०० बिंदू लागतात असे धरले तर आपल्या या वार्षिकांकाच्या पानावर अडीच इंच उंचीचा रोहित स्वच्छ छापता येतो. फिल्मच्या काळात १३५ची लेन्स पक्ष्यांसाठी तोकडी मानत; आज तीच लेन्स, मागे बारीक बिंदूंचा सेन्सर आल्यामुळे, कामाची झाली आहे. शिवाय माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर ३५ मि.मी. फिल्मच्या चौकटीहून लहान आहे. त्यामुळे १३५ची लेन्स त्याच्यावर फिल्मवरच्या सुमारे २००च्या लेन्सइतकाच भाग दाखवते. यात लेन्स वाढत नाही. चित्राच्या कडा तेवढ्या कापल्या जातात.

जाता जाता एक शब्दाचा खुलासा. लांब नाभीय अंतराची प्रत्येक लेन्स काटेकोर अर्थाने टेलिफोटो नसते. पुढे बहिर्वक्र भिंगांचा गट आणि मागे अंतर्वक्र भिंगांचा गट ठेवून लेन्सची लांबी तिच्या नाभीय अंतराहून आखूड केली तर ती खरी टेलिफोटो. १८९१ साली इंग्लंडमध्ये डॅलमायर आणि जर्मनीत मीटे व श्टाइनहाइल यांनी ही युक्ती एकमेकांपासून स्वतंत्रपणे मांडली. बोलीत मात्र आपण सगळ्याच लांब लेन्सना टेलिफोटो म्हणतो. या लेखातही तसेच म्हटले आहे.

आता मुख्य प्रश्न. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची लेन्स आजच्या कॅमेऱ्याला बसते कशी?

जुन्या काळी एक सोयीची पद्धत रूढ होती. लेन्सच्या मागच्या टोकाला स्क्रूसारखे आटे असत आणि ती कॅमेऱ्यात फिरवून घट्ट बसवत. आट्यांचा व्यास ४२ मि.मी. आणि दोन आट्यांमधले अंतर १ मि.मी. म्हणून या पद्धतीला एम-४२ म्हणतात. १९४९ साली ड्रेस्डेनच्या काँटॅक्स एस या कॅमेऱ्याने ती प्रचारात आणली. पुढे पूर्व जर्मनीचे प्राक्टिका, रशियाचे झेनिट आणि १९७५ पर्यंत जपानचे पेंटॅक्स याच आट्यांवर चालले. एवढ्या देशांत एकच मापे पाळली गेल्यामुळे अशा लेन्स आज अजूनही मुबलक आहेत, आणि म्हणूनच स्वस्त आहेत.

प्रत्येक कॅमेऱ्यात लेन्स बसते ती कडा आणि फिल्म यांच्यामध्ये एक ठरावीक अंतर असते. एम-४२ पद्धतीत ते ४५.४६ मि.मी. आहे. ते इतके मोठे असण्याचे कारण म्हणजे आतला आरसा. डोळ्याला दृश्य दाखवण्यासाठी लेन्समागे तिरका आरसा असे आणि बटण दाबताच तो वर उचलला जाई. त्याला हलायला जागा हवी. आजच्या मिररलेस कॅमेऱ्यांत आरसाच नाही, म्हणून हे अंतर पुष्कळ घटले आहे: सोनीच्या ई पद्धतीत १८ मि.मी., निकॉनच्या झेड पद्धतीत १६, कॅननच्या आरएफमध्ये २०. आता वजाबाकी करा. ४५.४६ उणे १८ म्हणजे २७.४६ मि.मी. एवढ्या जाडीची, एका बाजूला एम-४२चे आटे आणि दुसऱ्या बाजूला सोनीचे खाचेदार तोंड असलेली पोकळ धातूची कडी मध्ये घातली की जुन्या लेन्सला आपण तिच्या जुन्या कॅमेऱ्यावरच आहोत असे वाटते. या कडीला अडॅप्टर म्हणतात. तिच्यात काच नाही, तार नाही, बॅटरी नाही. मी ती ७०० रुपयांना घेतली. भांड्याच्या दुकानात ठेवली तर कुणी नळाचा भाग म्हणून उचलेल.

वजाबाकीचे उत्तर उणे आले तर मात्र पंचाईत होते. निकॉनच्या आरसेवाल्या कॅमेऱ्यांत हे अंतर ४६.५ मि.मी. आहे, म्हणजे एम-४२हून १.०४ मि.मी. जास्त. आधीच जास्त असलेल्या अंतरात कडी घालून ते कमी कसे होणार? एका मि.मी.ने काय बिघडते असे वाटेल. हिशेब केला तर १३५ची लेन्स अशा वेळी सतरा-अठरा मीटरच्या पलीकडचे काहीही स्पष्ट दाखवू शकत नाही. माणसाचा चेहरा येईल. डोंगर, पक्षी, चंद्र यांचे नाव काढू नये. ही उणीव भरून काढायला आत काच बसवलेले अडॅप्टर मिळतात, पण त्या स्वस्त काचेने मूळ लेन्सचा गुण उतरतो. कॅननच्या आरसेवाल्या कॅमेऱ्यांत अंतर ४४ मि.मी. असल्याने तिथे दीड मि.मी.ची पातळ कडी भागते. तेव्हा लेन्स घेण्याआधी आपल्या कॅमेऱ्याचे हे अंतर माहीत करून घ्यावे. बाकी सर्व विचार नंतर.

मी घेतलेली लेन्स रशियन आहे. नाव ज्युपिटर-३७ए, नाभीय अंतर १३५ मि.मी., सर्वांत मोठे छिद्र एफ ३.५. दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत संघाने जर्मनीतील झाईस कारखान्याची यंत्रे आणि आराखडे नुकसानभरपाई म्हणून नेले. ज्युपिटर ही मालिका झाईसच्या सोनार आराखड्यातून निघालेली. सोव्हिएत लेन्सवरील क्रमांकाचे पहिले दोन आकडे बहुधा उत्पादनाचे वर्ष सांगतात. माझ्या लेन्सवर ८४ आहेत. म्हणजे ती माझ्या आईच्या वयाची, आणि आईसारखीच कुरकुर न करता काम करणारी. पुण्यातल्या एका जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानात ती ३,२०० रुपयांना मिळाली. शिष्यवृत्तीतले पैसे होते, म्हणून आकडा पाठ आहे.

कॅमेऱ्याला ती लावली की पहिला धक्का बसतो: बटण दाबूनही फोटो निघत नाही. लेन्समध्ये विजेचे काहीच नसल्यामुळे कॅमेऱ्याला वाटते की लेन्सच लावलेली नाही. म्हणून मेनूत जाऊन ‘लेन्सविना शटर’ चालू करावे लागते. यानंतर छिद्र किती उघडायचे आणि स्पष्टता कुठे साधायची ही दोन्ही कामे आपल्या बोटांची. शटरचा वेग कॅमेरा अजूनही स्वतः मोजून ठरवतो, कारण लेन्समधून आलेला प्रकाश त्याला दिसतोच.

छिद्रासाठी या लेन्सवर दोन कड्या आहेत आणि प्रथम त्यांचा उलगडाच होत नाही. पहिल्या कडीने मर्यादा ठरवायची, समजा एफ ८. दुसरी कडी एका बाजूला फिरवली की छिद्र पूर्ण उघडते, दुसऱ्या बाजूला फिरवली की नेमके एफ ८वर येऊन थांबते. पूर्वी उघड्या छिद्राच्या भरपूर उजेडात स्पष्टता साधायची आणि डोळा न काढता कडी मिटून फोटो घ्यायचा, असा तिचा उपयोग. आजही मी तसेच करते. छिद्राला बारा पाती आहेत, त्यामुळे ते मिटताना जवळजवळ गोल राहते आणि पाण्यावरची चमक मागे गोल ठिपक्यांसारखी उतरते. नव्या महाग लेन्समध्येही एवढी पाती क्वचितच आढळतात.

स्पष्टता साधण्याच्या बाबतीत मिररलेस कॅमेरा जुन्या लेन्सला फार मोठा आधार देतो. जिथे दृश्य स्पष्ट असेल तिथे कडांना लाल किंवा पिवळा रंग येतो, अशी सोय त्याच्यात असते. त्याहून उपयोगी म्हणजे दृश्याचा लहानसा भाग कितीतरी पट मोठा करून पाहणे. पक्ष्याच्या डोळ्यावर तो चौकोन ठेवून लेन्सची कडी हळू फिरवावी. लेन्सवरील ‘अनंत’ या खुणेवर मात्र विसंबू नये. स्वस्त अडॅप्टर बहुधा जरासे आखूड केलेले असतात, त्यामुळे खरे अनंत त्या खुणेच्या अलीकडेच येते. दोन मीटरवरच्या माणसाचा फोटो एफ ३.५वर घेतला तर स्पष्ट पट्टा जेमतेम तीन सें.मी.चा असतो, डोळा सापडला तर कान सुटतो. साठ मीटरवरच्या पक्ष्याला हा प्रश्न नाही, तिथे पट्टा कित्येक मीटर खोल असतो. म्हणून नवख्याने दूरच्या, उभ्या पक्ष्यापासून सुरुवात करावी. अंगावर येणारा उडता पक्षी हाताने टिपणे फार अवघड. मला दहात एखादा साधतो.

हात हलण्याचे दुखणे मात्र नाभीय अंतराबरोबर वाढते. जुना ठोकताळा असा की, शटरचा वेग निदान नाभीय अंतराएवढ्या अंशाचा हवा. १३५ला १/१३५ सेकंद, आणि लहान सेन्सर हिशेबात घेतला तर १/२००. होडीत तेही पुरत नाही, कारण तिथे आपण हलतो, होडी हलते आणि पक्षीही हलतो. मी १/५००च्या खाली उतरत नाही. पूर्वी कॅमेऱ्यात एकदा रोल घातला की ३६ फोटो संपेपर्यंत त्याची प्रकाशसंवेदनशीलता तीच. आज ढग आले की आयएसओ १०० वरून १६०० करता येतो. एफ ३.५ची लेन्स त्या काळी पहाटे निरुपयोगी ठरे, ती आज पहाटेच सर्वांत छान चालते. जुन्या लेन्सला नवे आयुष्य दिले ते मला वाटते अडॅप्टरइतकेच या आयएसओने.

दोष आहेत, ते झाकू नयेत. काळसर पाण्यावरच्या पांढऱ्या पक्ष्याच्या कडेला जांभळी रेघ उठते. छिद्र एफ ५.६ किंवा ८ केले की ती पुष्कळ कमी होते. आजच्या लेन्सच्या काचांवर लेपाचे अनेक थर असतात, माझ्या लेन्सवर एकच. सूर्य समोर असला किंवा पाण्यावरून उजेड उसळला की चित्र दुधात बुडवल्यासारखे फिके होते. यावर उपाय पुढे टोपण लावणे. लेन्सच्या तोंडाला ५२ मि.मी.चे आटे आहेत, त्यात बसणारे रबरी टोपण बाजारात मिळते. मी लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याची नळी करून आतून काळा कागद लावला आहे. दिसायला गबाळी, पण काम चोख.

लांब लेन्स पुढचे-मागचे चापून एकत्र आणते असा एक समज आहे. तो अर्धाच खरा. वस्तूंची परस्परांशी असणारी मापे आपण कुठे उभे आहोत यावर ठरतात, लेन्सवर नव्हे. लांब लेन्स दूरच्या दृश्यातला छोटा तुकडा कापून मोठा करते इतकेच. हे मला पळसदेवला नीट कळले. उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले आणि जुने पळसदेव पाण्याखाली गेले. तिथल्या पळसनाथाच्या देवळाचे शिखर उन्हाळ्यात पाणी ओसरले की वर येते. माझी आजी त्या जुन्या गावची. गेल्या वर्षी वैशाखात मी काठावरून शिखराचा फोटो घेतला. ज्युपिटरमध्ये पलीकडचा काठ शिखराला अगदी चिकटल्यासारखा दिसतो. तेवढाच तुकडा छोट्या लेन्सच्या फोटोतून कापून मोठा केला तर जवळीक हुबेहूब तीच, फक्त चित्र भुरकट. घरी येऊन आजीला कॅमेऱ्याच्या पडद्यावर शिखर मोठे करून दाखवले. तिने पडद्याला बोट लावले आणि म्हणाली, “वर एवढं गवत कधी माजलं नव्हतं गं.” मग किती तरी वेळ ती देवळाकडे जाणारी वाट मला तोंडी सांगत बसली. कोणाचे घर कुठे, आड कुठे. फोटोत ते काहीच नव्हते, सगळे पाणी होते.

पुन्हा पक्ष्यांकडे येते. लेन्स तोकडी असली की मनात पहिला विचार येतो तो होडी आणखी पुढे नेण्याचा. हंगामात किती तरी वेळा होडीवाल्यांना ‘अजून थोडं जवळ’ असे सांगितले जाते, आणि तेही ६००च्या लेन्समागून. थवा उठतो. उडते फोटो सुंदर येतात, पण चरणाऱ्या पक्ष्याला विनाकारण उडवणे म्हणजे जेवणाऱ्याला ताटावरून उठवणे. माझ्या १३५ने ते करायचे तर पाहुण्यांच्या चौपट जवळ जावे लागेल. याला तोड वडिलांनी सांगितली. रोहित उथळ पाण्यात चोच उलटी धरून चिखल गाळून खातो. खोल पाणी त्याच्या कामाचे नाही. माघ-फाल्गुनात धरणाचे पाणी उतरत जाते तशी उथळ पाण्याची पट्टी रोज थोडी सरकते. जाळे टाकणाऱ्याला ती पायाखाली कळते. आज कुठे गुडघाभर आहे, परवा कुठे असेल, हे वडील आदल्या रात्री सांगतात. तिथे उजाडण्यापूर्वी होडी लावायची, वल्ही आत घ्यायची आणि बसून राहायचे. पक्षी चरत चरत आपणहून जवळ येतात. माझा सर्वांत चांगला फोटो पस्तीसेक मीटरवरचा आहे. त्या अंतरावर १३५ची लेन्स ६० मीटरवरच्या २३० मि.मी.च्या लेन्सइतके काम करते. हे वरच्या त्रिकोणाने ताडून पाहावे.

कुणाला अशी लेन्स घ्यायची असेल तर दुकानात जाताना छोटी बॅटरी खिशात ठेवावी. छिद्र पूर्ण उघडून एका बाजूने प्रकाश टाकावा आणि दुसऱ्या बाजूने तिरके पाहावे. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. ती काचेवरचा लेप खाते आणि पुसूनही डाग राहतात. सगळीकडे धुके दिसले तरी लेन्स खाली ठेवावी. धुळीच्या दोन-चार कणांना भिऊ नये, त्यांनी फोटोत फरक पडत नाही. समोरच्या काचेवरचा बारीक ओरखडाही चालतो, मागच्या काचेवरचा नको. स्पष्टतेची कडी जडपणे फिरत असेल तर आतले ग्रीस वाळले आहे असे समजावे. ते बदलून मिळते, पण खर्च धरून भाव करावा. ३०० मि.मी.ची रशियन ताइर-३ दीड किलोच्या आसपास भरते, तिला तिकाटणे हवेच. ५०० मि.मी.च्या आरशाच्या स्वस्त लेन्स हलक्या असतात. पण त्यांचे छिद्र एफ ८लाच कायमचे अडकलेले आणि मागचे उजेडाचे ठिपके मेदूवड्यासारखे भोक पडलेले येतात. पाण्याकाठी तर असे वडेच वडे. पहिली लेन्स १३५ची घ्यावी असे माझे स्पष्ट मत आहे.

घेतल्यावर तिची चामडी पेटी मिळाली तर ती शोभेला ठेवावी, लेन्स तिच्यात ठेवू नये. चामडे ओल धरते आणि बुरशी तिथूनच लागते. आमच्याकडे तर घराच्या दारात धरण. मी घट्ट झाकणाचा डबा घेऊन त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या आहेत. पुड्यांचे निळे दाणे ओल पिऊन गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर भाजते, पुन्हा निळे होतात. डबा आईचा दिवाळीच्या लाडवांचा आहे. तो तिने अजून परत मागितलेला नाही.